अंदमानातली खिचडी

बुधवार, दिवेलागणीला

डोकं अजून तापलेलंच हाय. नातू सचिन नव्या नवरीला घेऊन उद्या अंदमानला फिरायला चाललाय, अन् बॅगेत काय भरलं? तिच्याच रुखवतातला विजेचा कुकर, डाळ अन् तांदूळ!

म्हणतो, "आजी, तिथलं हॉटेल लई महाग. खोलीतच खिचडी लावू, पैसे वाचतील."

"लावणार कोण?"

"पूजाच की. तिच्या हाताला चव हाय."

पोरीच्या हातावरची मेंदी अजून उतरली नाय. इथं आपल्या पुंडलिकनगरात खिचडी मिळत नाय व्हय, म्हणून समुद्रापाशी जाऊन ढवळायची? मला एवढा राग का यावा? मलाबी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी चुलीपुढं बसवलं, तवा कुणी इचारलं नाय.

सचिन बाहेर गेल्यावर कुकर काढून माझ्या पेटीत टाकला. पूजानं पाहिलं. अन् बॅगेची चेन तिनंच घाईनं लावली.