आठवा पदार्थ

प्रिय ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. टोरोंटोतलं बर्फ वितळलं असेल तर तुझा गुडघा कसा आहे ते कळव. वितळलं नसेल तर घराबाहेर पडू नकोस. आईची तब्येत ठणठणीत आहे. (सगळा ताप त्याचाच आहे.)

फोनवर आई शेजारीच बसलेली असते, म्हणून खरं काय घडलं ते लिहितो. आपल्या हो-यीचं रोशनशी जमलंय हे तुला ठाऊक आहेच. मुलगा सिंधी, पण जन्म इथलाच, हाँगकाँगचा, कौलूनमधला. कँटनीज माझ्यापेक्षा शुद्ध बोलतो. बाप म्हणून माझी काही तक्रार नव्हती. आई मात्र म्हणाली, "आधी त्याच्या आईला जेवताना बघते, मग ठरवते," आणि नातीच्या लग्नासाठी ठेवलेली जेडची बांगडी पुन्हा कुलपात गेली. रोशनची आई, लाजवंतीबाई, मांस खात नाहीत. तेव्हा जेवण भारतीय हॉटेलात द्यायचं ठरलं. आणि यजमान आपण, म्हणून चांगलं हॉटेल कुठलं हे पाहुण्यांनाच विचारायची सोय नाही.

ताई, या शहरात प्रत्येकाला एक भारतीय हॉटेल माहीत आहे आणि प्रत्येकाचं चुकीचं आहे. ऑफिसातल्या लाऊने सांगितलेल्या ठिकाणी नान इतकं गोड, की मी ते शेवटी चहाबरोबर संपवलं. दुसरीकडे "तिखट चालेल ना?" असं विचारलं, मी संकोचून मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकली. मग तू फोनवर तुझा तो सल्ला दिलास: जिथे भारतीय जेवतात तिथे जा. मी इमानदारीत जॉर्डन स्टेशनपासून एका सरदारजींच्या कुटुंबामागे चालू लागलो. ते वळले की मी वळायचो, ते थांबले की मी दुकानाच्या काचेत बघायचो. शेवटी ते शिरले कुठे, तर आपल्याच चिनी वाँटन नूडल्सच्या दुकानात! (मीही शिरलो. भूक लागली होती.) म्हातारे सरदारजी वळून म्हणाले, "काय हो, स्टेशनपासून मागे लागलात, आमच्यात कुणी आवडलंय का?" मी सगळं सांगितलं. पोट धरून हसले. "अहो, घरी रोज तेच खातो, बाहेर पैसे देऊन कशाला खाऊ?" पण पत्ता मात्र दिला: बाजारामागची इमारत, दुसरा मजला, बाहेर पाटी नाही.

हॉटेल खरंच चांगलं निघालं. आता प्रश्न काय मागवायचं. चिनी मेनूत पिवळी करी, लाल करी, हिरवी करी, "घरची करी" आणि "विशेष करी" एवढीच माहिती. शुभप्रसंग म्हणून पदार्थ आठ हवेत, आणि काहीही झालं तरी सात नकोत. सात म्हणजे मयताहून परतल्यावरचं जेवण, हे तुला मी सांगायला नको. भात आणि नान मोजायचं नाही, असं ठरवून मी आठ सांगितले आणि दोनदा वाचून घेतले.

ठरलेल्या दिवशी दोन्ही घरं टेबलाभोवती बसली आणि भांडी आली. आईने पर्समधून स्वतःच्या चॉपस्टिक्स काढल्या आणि एकेका भांड्यावर टेकवत मोजायला लागली. दह्याची वाटी ओलांडली, लोणच्याची ओलांडली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सात. कोण गेलं?"

मी वेटरकडे बघितलं. तो प्रेमाने म्हणाला, "काका, त्यातल्या दोन डाळीच होत्या. एक मीच कमी केली. उगाच वाया जाते."

हो-यी रडायच्या बेतात. रोशन पाणी पितोय. मी जिना कुठे आहे ते आठवतोय. तेवढ्यात लाजवंतीबाईंनी लोणच्याची वाटी आईपुढे सरकवली. "आजी, हा आठवा तुम्ही मोजलाच नाहीत."

"लोणचं हा काय पदार्थ झाला?"

"आधी खा, मग बोला."

आईने मोठी फोड उचलली. चेहरा लाल, डोळ्यांतून धारा, मी ग्लास पुढे केला तर माझा हात झटकला. खोकला थांबल्यावर म्हणाली, "पदार्थ आहे." आणि दुसरी फोड घेतली. जेवण आटोपायच्या आत बांगडी हो-यीच्या हातात होती. माझे कुणी आभार मानले नाहीत.

तुझा,
किउंग

ता. क. खरं काम राहिलंच. लोणचं जर पदार्थ, तर दहीही पदार्थ. म्हणजे एकूण नऊ होतात, आणि आई हल्ली आपल्याशीच पुटपुटत बोटं मोजते. रविवारी फोनवर ती तुला विचारेल. तुझ्या शेजारी गुजराती काकू आहेत, म्हणून या बाबतीत तुझा शब्द ती मानते. ठामपणे सांग, की भारतात दही हे पेय समजतात.

ता. क. (पुन्हा) काही सांगू नकोस. आई मागे उभी राहून वाचत होती. म्हणते, "तिला लिही, दही मी तेव्हाच मनात धरलं होतं. लोणच्याशिवायच आठ भरत होते. वेळ आली की ती रोशनची आई काय करते, ते बघायचं होतं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू काय करतोस ते माहीत होतं."