अठ्ठावीस दिवसांच्या विटा

१४ ऑगस्ट २००६, सोमवार
संशोधनाच्या बैठकीला पुन्हा चौघंच! छत्तीस जणांना पत्रं धाडली होती. दोन तंत्रनिकेतनं एकत्र केली, विद्यापीठाची पाटी लावली, मला संशोधन विभागाची प्रमुख केलं — झालं विद्यापीठ! स्थापत्यचे लाबुशाने, पंचवीस वर्षं शिकवताहेत, दारातूनच म्हणाले, "नोझुकोबाई, आम्ही पोरांना नोकरीला लावतो. कागद रंगवायला वेळ कुणाला?" डोंगराकडच्या कॅम्पसवरून तर कुणीच नाही. त्यांचं म्हणणं, "किनाऱ्यावाल्यांनी बोलवायचं आणि आम्ही अडीच तास गाडी हाकायची?"

१७ ऑगस्ट
कुलगुरू — "वर्षअखेर एक तरी शोधनिबंध. नाहीतर विभाग बंद."
एक! तोही नाही.

२२ ऑगस्ट
लिंडेल्वासमोर रडले. लाज वाटते. डोंगराकडे शिकवते ती, तरुण आहे, कोळशाच्या राखेच्या विटांवर काम करते. मी म्हटलं, "तू तरी काहीतरी दे गं मला." तिनं चहा पुढे केला. "रडू नका, सिसी. देते." सिसी म्हणजे ताई, असंच हाक मारते मला.

२५ सप्टेंबर
लिंडेल्वाचे आकडे आले! अठ्ठावीस दिवस मुरवून दाबून पाहिलेल्या विटा — साध्या विटांपेक्षा मजबूत! निबंध धाडला. स्वयंपाकघरात एकटीच नाचले.

९ नोव्हेंबर
निबंध स्वीकारला. कुलगुरूंनी केक कापला. सरकारी खात्यातून फोन — या विटांची शाळा बांधता येईल का?

१३ नोव्हेंबर
विटांचे फोटो काढायला डोंगराकडे गेले. प्रयोगशाळेतल्या म्झिमखुलूबाबांना म्हटलं, दाबायचं यंत्र दाखवा. ते म्हणाले, "ते मार्चपासून बंद आहे, बाई. सामान हलवताना मोडलं. कितीदा कळवलं!"

लिंडेल्वाला गाठलं. म्हणाली, "विटा केल्या होत्या, सिसी. खरंच केल्या. पण मोजणार कशावर? तुम्ही रोज फोन करत होता. जमलं नाही म्हणायला तोंडच उघडेना."

परतताना रस्त्याकडेला गाडी थांबवली. आकडे तिनं रचले, पण मागितले मी. एकदा तरी यंत्र बघायला गेले होते का? आणि शाळा! त्या भिंतींच्या आत मुलं बसली असती.

१५ नोव्हेंबर
निबंध मागे घेतला. खात्यालाही कळवलं. कुलगुरू कडाडले, "गुपचूप मिटवता आलं असतं!" उद्या सगळ्यांना बोलावलंय. राजीनामा लिहून ठेवलाय. लिंडेल्वा म्हणते, मीही बोलणार. नको म्हटलं. ऐकत नाही.

१६ नोव्हेंबर
सांगितलं. तिनंही सांगितलं. मग लाबुशाने उठले. वाटलं, आता टोमणा! चष्मा काढून पुसत राहिले. म्हणाले, "अठ्ठ्याण्णव साली एका गावच्या पाण्याच्या टाकीसाठी मी मातीचे आकडे दिले. निम्मे मोजलेच नव्हते. टाकी अजून उभी आहे. शनिवारी मोजायला जातोय. कोण येतं बरोबर?"