खंडेनवमीचा व्हॉल्व्ह

जोगेश्वरी पूर्व,
१२ एप्रिल १९८४, गुरुवार

शिवा,

लवूचा नमस्कार. दोन वर्षांनी माझं अक्षर बघतोयस, तेव्हा पाकीट फोडण्याआधी मागचं नाव दोनदा वाचलं असशील. तिकडचं पाणी मानवलं का? वहिनींना रोजचा भात चालतो ना? आम्ही बरे आहोत. शेठने साकीनाक्याच्या शेडवर नवे पत्रे घातले, तरी दुपारी आत भाजून निघतो. तुझ्या लेथवर आता अंबादास असतो. हात बरा आहे त्याचा, पण तोंड जास्त चालतं.

काल आपला माणूस अंतराळातून सुखरूप उतरला. संध्याकाळच्या बातम्यांना नंदूच्या खोलीत अख्खी चाळ बसलेली. मी रॉकेटचे पार्ट तपासतो म्हणून मला खुर्ची. मीपण लागलो शहाणपणा पाजळायला. वर जायला जोर लागतो, म्हटलं, तो लावला की जातं. खरी कसोटी परत येताना. हवेत शिरलं की बाहेरून नुसती आग. त्यातून वाचलं तर झाकण उडून पॅराशूट बाहेर पडलं पाहिजे, आणि जमिनीला टेकता टेकता खालून परत एक झटका, म्हणजे आतल्यांची हाडं शाबूत राहतात. सगळं ओळीने व्हायला हवं.

नंदू म्हणाला, "आणि झाकणच उडालं नाही तर?"

लोक हसले. मी उठलो आणि घरी आलो. सुगंधाने ताट वाढलं होतं, तसंच ठेवलं. गेले सहा महिने माझं हे असंच चाललंय, शिवा. मध्येच उठतो, गल्लीत जाऊन येतो, परत बसतो. शेडमध्ये एकच माप तीन-तीनदा घेतो. अंबादास म्हणतो, "काका, मायक्रोमीटर झिजवाल."

तुझ्या जाण्याचं आधी लिहितो. त्या खंडेनवमीला मी तयार मालाचा ट्रे देवापुढे मांडला आणि तू सगळ्यांसमोर उचललास. "पूजा मशीनची कर, माल मध्ये आणू नकोस," म्हणालास. मी तुझ्या आईबापाचा उद्धार केला. पुढे तू तिकडे रॉकेट केंद्रात नोकरीवर गेलास तेव्हा गाडीवर सोडायलाही आलो नाही. ते चुकलंच माझं. पण पत्र त्यासाठी नाही.

गेल्या खंडेनवमीला तू नव्हतास. मशीनं धुतली, झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फोडला. तुमच्यासाठीचे व्हॉल्व्ह स्पिरिटने धुऊन ट्रेमध्ये ठेवलेले, पिशवीत भरायचे बाकी होते. मी ट्रे आणून देवापुढे ठेवला. मुद्दाम. आता कोण अडवतो बघू, असं मनात आलं. हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या.

सगळे परत धुवायचं ठरवलं होतं. पण दारात टेम्पो उभा, पोरं घरी जायला टपलेली, स्पिरिटचा डबा तळाला गेला. तेरा धुतले. चौदाव्यावर फुंकर मारली, रुमालाने पुसला, पिशवीत टाकला आणि माझा शिक्का मारला. घरी आल्यावर सुगंधाने रुमाल धुवायला घेतला. "ह्याला कुंकू कसलं?" म्हणाली. रुमालाचं टोक लाल होतं. मी भोकात टोक फिरवलं होतं, म्हणजे कुंकू आतपर्यंत गेलं होतं. सगळं निघालं का, देव जाणे.

तुमच्या रॉकेटमध्ये माणूस नाही, नुसती यंत्रांची पेटी आहे, हे मी स्वतःला शंभरदा सांगितलं. पण तिच्या पॅराशूटचं झाकण उडवणारा वायू त्याच व्हॉल्व्हमधून जाणार. आत कुंकवाची गुठळी धरली असेल तर पेटी दगडासारखी समुद्रात जाईल आणि तुझी दोन वर्षांची मेहनत बुडेल. सगळ्यात वाईट ऐक. ती बुडाली तर का बुडाली हे कुणालाच कळणार नाही. एवढ्या पाण्यात माझीही चूक बुडेल, असा हिशेब मी केलाय. एकदा नाही, रोज.

सोमवारी शेठने पेढे वाटले. अठ्ठावीस तारखेला उडणार म्हणे. माझ्या हातातला पेढा तसाच राहिला.

सहा महिने गप्प का बसलो? हे काम गेलं तर शेडमधले आठ जण घरी बसतील, हे खरंच आहे. नोकरीची भीतीही होती. पण काल सुगंधासमोर तोंडातून निघून गेलं, की मला जास्त भीती तू बरोबर ठरशील याची होती. ती म्हणाली, "मग ठरू देत की. शिवाभावजी तुम्हाला खाणार आहेत का? आत्ता लिहा." कागद तिनेच आणून दिला.

चौदा नंबर काढ. पिशवीवर नंबर, ८३ सालची तारीख आणि माझा शिक्का आहे. उघडून उजेडात धर. स्वच्छ निघाला तर मला वेडा म्हण, आनंदाने ऐकून घेईन. पण न उघडता बसवू नकोस. पत्राला पाच दिवस लागतील, म्हणून सकाळी पोस्टातून तारही करतोय: चौदा बसवू नका. तिथून थेट शेठकडे जाऊन सगळं सांगणार. तो काय करायचं ते करो. आधी तार, मग शेठ, हा क्रम मी माझ्यासाठी लावलाय. उलटा केला तर माझे पाय मागे फिरतील, मला माहीत आहे.

हे पत्र तुला वरच्या साहेबांना दाखवावं लागेल. खुशाल दाखव, शिव्यांचं तेवढं झाक. त्यांच्यापुढे "तुझा लवू" चालायचं नाही, म्हणून नीट सही करतो.

लवू धोंडू परब,
माल तपासनीस. माल मी तपासला नव्हता.