जर्दाळूची भिंत

आल्डकोम, ४ मार्च १९५७

चि. ॲम्ब्रोजला अनेक आशीर्वाद, वि. वि.

मी खुशाल आहे, भिंत तेवढी अडचणीत आहे. युद्धात सैन्याने खिळखिळा केलेला आपला बंगला पाडला, तेव्हा वाटलं होतं, आता पाडण्यासारखं काही उरलं नाही. पण कौन्सिलला परसबागेची उत्तरेची भिंत दिसली. ती म्हणे रस्त्यावर झुकली आहे. पुढच्या शुक्रवारी पिनॉक नावाचे इंजिनियर बघायला येतील आणि बहुधा पाडाच म्हणतील. तिच्या एका अंगाला बाबांनी लावलेलं जर्दाळूचं झाड, दुसऱ्या अंगाला टेकून माझं घर. ती गेली की आम्ही दोघं उघड्यावर. काय करू ते कळव. पटलं नाही तर ऐकणार नाही.

तुझी ताई,
हेस्टर

रेडिंग, ७ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून तुझ्या भावजयीने, म्युरिएलने, लगेच माडीवरची खोली झाडायला घेतली. भिंत जाऊ दे, तू इकडे ये. अगं, तिथल्या काचघराला काच नाही आणि बागेला माळी नाही. मटार चोरले म्हणून बाबांनी मला तिथे कोंडलं होतं, तेव्हापासून माझं त्या बागेशी जमत नाही. साहेबांशी भांडू नकोस. चहा दे आणि गप्प बस.

तुझा,
ॲम्ब्रोज

आल्डकोम, १६ मार्च

चि. ॲम्ब्रोजला आशीर्वाद.

भांडले नाही. चहाही दिला, पण त्यात काजळी होती.

त्याचं असं झालं. ऐन फुलोऱ्यात कडाक्याची थंडी पडली. भिंत आतून पोकळ आहे, हे तुला आठवत असेल. मागची भट्टी पेटवली की धूर आतल्या आत फिरायचा, विटा तापायच्या आणि फुलं वाचायची. काल दुपारी मी ती पेटवली, बाबांच्या पश्चात पहिल्यांदाच. धुराड्यात कावळ्यांनी संसार थाटलेत, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. वाट बंद म्हटल्यावर धूर पूर्वेच्या कोपऱ्यातल्या फटींतून भसाभस बाहेर! शेजारचे पाद्रीबुवा पाण्याची बादली घेऊन धावले आणि ती नेमकी फाटकातून आत येणाऱ्या पिनॉकसाहेबांवर रिकामी केली.

बुवा माफी मागत राहिले. साहेब म्हणाले, ते राहू द्या, मला आधी धूर बघू द्या. निथळत्या टोपीनिशी भिंतभर हात फिरवून आले आणि म्हणाले, बाई, ठोकठोक करून मला कळलं नसतं ते तुमच्या धुराने सांगितलं. तडे तेवढ्या कोपऱ्यातच आहेत. तो उतरवून पुन्हा बांधा, बाकी भिंत आपल्या दोघांच्या पश्चातही उभी राहील. मी म्हटलं, स्वतःपुरतं बोला.

मग कपडे वाळेपर्यंत उबदार विटांना पाठ टेकून बसले, ते झोपीच गेले. बुवांना वाटलं, दगावले.

हेस्टर

रेडिंग, २० मार्च

ती. ताईस सा. न.

फुलं वाचली, घर वाचलं, आनंद झाला. झाडलेली खोली रिकामीच राहिली म्हणून म्युरिएल जरा रुसली आहे. ती विचारते, साहेबांना बायको आहे का? मी म्हटलं, हे ताईला तोंडावर विचारायची माझी छाती नाही. म्हणून पत्रात विचारतो.

ॲम्ब्रोज

आल्डकोम, २८ जुलै

चि. ॲम्ब्रोज आणि म्युरिएल यांना आशीर्वाद.

विधुर आहेत. दर रविवारी येतात, भिंतीची तपासणी करायला म्हणे. कोपरा केव्हाच बांधून झाला, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलेलं नाही.

जर्दाळू पिकलेत, लगेच निघा. काल साहेबांनी विचारलं, येत्या थंडीत भट्टी मी पेटवली तर चालेल का? मी म्हटलं, आधी धुराडं साफ करायला शिका.

त्यांनी कोट काढला, माझ्या हातात दिला आणि शिडी कुठे आहे ते विचारलं.

लोभ कागदावर मावत नाही, घ्यायला इकडेच या.

तुमची,
हेस्टर