सायकलवरून उतरले तेव्हा

सिंबोक, माझे आई, तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

मी मजेत आहे, भात आणि सोयाबीनचं टेंपे वेळेवर खाते. तुझे गुडघे कसे आहेत? कोंबड्या अंडी देतात ना?

या सुराबाया शहरात सुट्टीचा दिवस सरता सरत नाही, म्हणून भंगारातून जुनी सायकल आणली. गंज घासला, चेन रॉकेलमध्ये बुडवली, ब्रेक बसवले. शेजारीण म्हणाली, "बाई, या वयात हाडं मोडून घ्यायचीत का?" पण पाय काही विसरले नव्हते.

काल गल्लीच्या तोंडाशी बाकावर म्हातारी माणसं बसली होती. थोरांचा मान राखायला बाबांनी शिकवलं तशी मी आपसूक खाली उतरले, वाकले आणि सायकल हातात धरून त्यांच्यासमोरून चालत गेले. मागचा मोटारसायकलवाला खेकसला, "मावशी, बसा की वर! रस्ता अडवलात!"

म्हातारे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात एक आजोबा म्हणाले, "आमच्यासाठी कुणी उतरत नाही गं आता. कुठल्या गावची तू, पोरी?"

इथे आल्यापासून मला हे कुणी विचारलंच नव्हतं. मी गावाचं नाव सांगितलं, मग तुझं, आणि मग मला थांबताच येईना.

तुझीच,
वागियेम