सापळ्यातले चुकीचे पतंग

सेनेका तळ्याकाठून,
१९ ऑगस्ट

प्रिय जोएल,

तुला तिकडचं ऊन सोसतंय ना? इथे मका डोक्यावर गेलाय, कणसांना रेशमी केस फुटलेत, आपल्या टपरीवर गिऱ्हाईकही बरं आहे. माझी तब्येत ठीक. फक्त एका जागी बसवत नाही. पुसलेला ओटा पुन्हा पुसते.

एमेट स्ट्राउड आठवतो? तुझे बाबा होते तेव्हापासून आपले कामगंध सापळे तपासतो तो. दर मंगळवारी जाळीतले नर पतंग मोजतो, फवारायचं की थांबायचं ते सांगतो. यंदा जाळी रिकामीच. "उगीच कशाला येऊ, व्हर्ना? सापडले तर फोन कर," म्हणाला.

शुक्रवारी मी फोन केला. जाळी भरलीय म्हटलं.

बिचारा जेवण टाकून आला. एक पतंग तळहातावर घेऊन माझ्याकडे बघत राहिला. "हा गवतातला आहे. इतकी वर्षं मका पिकवतेस, कणसातल्या अळीचा पतंग ओळखत नाहीस?"

"डोळे अधू झालेत."

"परवा रस्त्यापलीकडचा ससा बरा दिसला!"

मला हसू आलं, मग रडूच फुटलं. तो गेला नाही. पायरीवर बसला, टोपी हातात फिरवत म्हणाला, "मलाही मंगळवार सोडून बाकीचे दिवस जात नाहीत." आणि मग त्याने विचारलं. काय ते तुला कळलं असेल. मी ओटा पुसायला आत पळाले.

रविवारी दक्षिणेकडून वादळ आलं, त्याबरोबर खरे पतंग आले. जाळी काळवंडली. मी फोन केला तर हा हसतोय! "आता खोटं बोलायची गरज नाही गं."

"एमेट, माझं पीक जाईल!" मी ओरडले.

मग मात्र आला. जाळी पाहून त्याचा चेहराच उतरला. संध्याकाळी तो फवारणीचा ट्रॅक्टर चालवत होता आणि मी बांधावर उभी होते. कणसं वाचतील असं दिसतंय. तो खाली उतरला तेव्हा मी 'हो' म्हटलं.

तुला आधी विचारायला हवं होतं का? दोन दिवस हाच विचार. तुझ्या बाबांची खुर्ची मी वर तुझ्या खोलीत ठेवलीय. तिच्यावर कुणी बसणार नाही.

रागाव. फोन आपट. पण मका संपायच्या आत ये, आणि त्याच्याशी दोन शब्द बोल. तो घाबरलाय. मीही.

कुणाचीही झाले तरी आधी तुझीच,
आई