रविवारचं गिऱ्हाईक

१२ फेब्रुवारी

प्रिय धाकल्या,

अनेक आशीर्वाद. शाळेत सिस्टरांनी शिकवलं होतं, पत्रात आधी समोरच्याची खुशाली विचारावी, मग आपली सांगावी. तर तू कसा आहेस? केस पिकले असतील. गुडघे दुखतात का? आपल्या घरात सगळ्यांचेच दुखतात. माझं ठीक चाललं आहे. दादाचं पुढे लिहिते.

आज दुकानात काचा पुसताना तो दिवस आठवला. बाबांनी आपल्याला मोठी काच आणायला पाठवलं होतं. पुढून दादाने धरली होती, मागून तू, आणि माझं काम एवढंच की पुढे चालत 'काच, काच' ओरडायचं. वारा सुटला होता. तू काचेतल्या स्वतःलाच वेडावून दाखवत होतास. दादा मागे न बघता म्हणाला, "धाकल्या, काच फुटली तर तुझ्या पाठीची फ्रेम करीन." तू इतका हसलास की काच थरथरायला लागली. मी ओरडायचं विसरले आणि एक सायकलवाला अगदी अंगावर येता येता राहिला.

दुकानाची आता वेबसाइट आहे. तुला ते माहीत असेल किंवा नसेल. हे पत्र त्यासाठीच आहे. माझ्या सूनबाईने ती करून दिली. दादा तेव्हा कुरकुरला, "फ्रेम काय फोनवर बघून घेतात?" पाटी रंगवायची म्हटली तरी ज्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या, तो आपला दादा.

गेल्या वर्षापासून दुकानात फोन येऊ लागले आणि सगळे तुझ्या शहरातून. एक बाई तर चिडल्याच होत्या. "अहो, फोन उघडला की तुमची जाहिरात. तुमचं दुकान रात्रभराच्या प्रवासावर. आमच्या गल्लीत जाहिरात कशाला?" मी दादाला विचारलं, आपण जाहिरात दिली आहे का? त्याने हातातल्या फ्रेमच्या पट्टीवरून नजर काढली नाही. "कंपनीची चूक असेल. फोन करणाऱ्यांना विचार, फ्रेम हवी आहे का."

सूनबाईला वाटलं, कोणीतरी फसवतंय. पण दादाने तिला घरातल्या कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही.

मग सोमवारची एक नवीच गंमत सुरू झाली. कुलूप उघडता उघडता तो म्हणायचा, "काल येऊन गेला."

"कोण?"

"गिऱ्हाईक."

रविवारी दुकान बंद असतं रे. मला वाटलं, वय झालं, विसरायला लागला. मी त्याला डॉक्टरांकडेही नेलं. तिथे त्याने सगळी उत्तरं बरोबर दिली आणि बाहेर आल्यावर मला म्हणाला, "अगं, आता तुलाही दाखवून घेऊ या." त्या दिवसांत तो फार खुशीत असायचा.

आता लिहायलाच हवं. दादा गेला. जानेवारीत, दुपारच्या वेळी, दुकानातच. समोरची फ्रेम पुरी झाली होती. मागची तार ओवायची तेवढी राहिली होती. तुझा नंबर बदललेला, पत्ता माझ्याकडे नाही. कळवणार कुठे?

नंतर सूनबाईने कॉम्प्युटर उघडला. जाहिरात दादाचीच होती. कुठून शिकला, देव जाणे. जाहिरात कुठे दिसावी हे नकाशावर वर्तुळ काढून ठरवता येतं म्हणे. त्याने एकच वर्तुळ काढलं होतं आणि मधोमध तुझं घर, तुझ्या नावासकट. म्हणजे तुझा पत्ता त्याच्याजवळ होता आणि मला तो कधी बोलला नाही. हे पत्र त्याच पत्त्यावर टाकते आहे.

जाहिरातीत लिहिलं होतं, 'फ्रेमचं दुकान. आहे तिथेच आहे. दार उघडं आहे, केव्हाही या.' तू गेलास तेव्हा त्याच दारात तो तुला म्हणाला होता, "दुकान सोडतोस, तर आम्हालाही सोड." ते शब्द तोंडाने परत घेणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

आणि ते रविवारचं गिऱ्हाईक. वेबसाइट कोणत्या गावातून उघडली, काय बघितलं, याची नोंद कॉम्प्युटरवर राहते; दादा ती रविवारी रात्री बघत असणार. दर रविवारी संध्याकाळी तुझ्या शहरातून कोणीतरी आपली वेबसाइट उघडतं, भाव बघत नाही, आतल्या खोलीच्या फोटोवर थांबतं आणि निघून जातं. खिडकीखालचं तुझं स्टूल त्या फोटोत दिसतं. सूनबाई म्हणते, कोणीही असेल, रिकामटेकडं.

तो तू असशील तर मला सांग. नसशील, तर कळवू नकोस. दादा ज्या समजुतीत गेला, तीत मलाही राहू दे.

दुकान मार्चअखेर रिकामं करून द्यायचं आहे. कोपरे कापायचं यंत्र शेजारच्या सुताराला. त्याने मागितलं नाही, म्हणूनच त्याला. लोकांनी न नेलेल्या फ्रेम त्यांच्या त्यांच्या घरी मी पोचवीन. दारावरची घंटा सूनबाईला. काच कापायचा बाबांचा हिरा तुला, दादाच्या अंगठ्याने मूठ एका बाजूला झिजली आहे तसाच. स्टूल कोणाला देणार नाही. आणि जाहिरात मी अजून बंद केलेली नाही. दुकान आहे तोवर ती राहील. येत्या रविवारी मी बघत बसेन.

पुढे चालत 'काच, काच' ओरडणारी,
तुझी ताई